पैसे देऊन ऐकणारा माणूस

मी आयुष्यात ज्या माणसाला हसवायचा सगळ्यात जास्त प्रयत्न केला, तो माझ्यासमोर एकदाही हसला नाही. आणि आमच्या कॅसेटी ऐकून ज्याने स्वतःहून पैसे दिले, असाही तो एकटाच. बाकी अख्खा शिरूर तालुका हसला, पोट धरून हसला, आणि फुकट हसला. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. तक्रार करायचा हक्क मी कसा घालवला, ते सांगायचं आहे.

शिरूरच्या कोर्टाबाहेर तेव्हा टायपिंगवाल्यांची टेबलं ओळीने असायची. त्यातलं शेवटचं, लिंबाखालचं टेबल त्यांचं. गाव त्यांना टायपिंगमामा म्हणायचं. त्यांना ते आवडायचं नाही; ते स्वतःला टंकलेखक म्हणवून घेत. पण एवढा मोठा शब्द वापरायला पक्षकारांना वेळ नव्हता, म्हणून मामा तो मामाच राहिला. उंच, किडकिडीत, बाराही महिने पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. मिशनच्या आवारात तीन पिढ्या राहिलेलं ख्रिस्ती घर. त्यांच्या मराठीत जुन्या बायबलची वाक्यं आणि कोर्टाची वाक्यं इतकी मिसळलेली असत, की ते चहा नको म्हणाले तरी अर्ज फेटाळल्यासारखं वाटे.

समोरचा बोलायला लागला की ते चष्मा काढून ठेवायचे. डोळे मधे आले की ऐकू कमी येतं, असं त्यांचं म्हणणं. एकदा न्हावऱ्याकडचा एक शेतकरी शेजाऱ्याविरुद्ध अर्ज टाईप करायला आला. "त्यानं मला शिव्या दिल्या, एवढं लिवा," म्हणाला. मामांनी चष्मा काढला आणि विचारलं, नेमक्या कोणत्या? तो लाजला. मामांनी सांगितलं, की शिवी दिली म्हणणं हे तुमचं मत आहे, शिवी हा पुरावा आहे. मग त्या माणसाने खाली मान घालून एकेक शिवी सांगितली आणि मामांनी ती ऱ्हस्व-दीर्घासकट टाईप केली. शेवटी प्रथेप्रमाणे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. चार वकील, दोन पोलीस आणि अख्खी ओळ हसून लोळत होती. मामा शांतपणे म्हणाले, "बरोबर असल्यास अंगठा करा."

माझं दुकान तिथून हाकेच्या अंतरावर होतं. रेडिओ-टेपची दुरुस्ती आणि कॅसेटी भरून देणं. लोक गाण्यांची यादी आणायचे, मी साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटमध्ये गाणी भरून द्यायचो. नव्वदीच्या शेवटाकडची वर्षं. माझा जोडीदार नंदू इनामगावचा. मेंढरं विकून शेतीला लागलेल्या घरातला. दूध डेअरीत फॅट मोजायचा आणि कुणाचाही आवाज काढायचा. एका दुपारी गंमत म्हणून मी मशीन चालू केलं आणि तो बोलत सुटला. त्याच्या गावात पूर्वी उत्खनन झालं होतं, त्यावर. साहेब लोक तीन हजार वर्षांपूर्वीची चूल शोधत होते आणि चहाला मात्र त्याच्या आजीची चूल लागायची. जुनं मडकं फुटकं मिळालं तर त्याचा फोटो, आणि नंदूनं घरातलं मडकं फोडलं तर त्याला मार. अर्ध्या तासाची एक बाजू भरली. पुढे असं ठरलं, की लिहायचं मी आणि बोलायचं त्याने. महिन्याला एक कॅसेट.

ती कॅसेट कशी पसरली ते आम्हाला कळलंच नाही. सलूनमध्ये, रसवंतीवर, शिक्रापूरपर्यंत जाणाऱ्या जीपगाड्यांमध्ये, कंपनीतल्या पोरांच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये. लोक दुकानात येऊन पुढची कवा म्हणून दम द्यायचे, जणू आम्ही त्यांचं देणं लागत होतो. या खेपेची मागच्यासारखी न्हाई, असं तोंडावर सांगायचे. एक ट्रकवाला भांडायलाच आला. त्याने दुसरी, कोरी बाजू नगरपर्यंत ऐकली होती, काहीतरी येईल म्हणून. विकत मात्र पहिल्या वीस-पंचवीस जणांनीच घेतली असेल. बाकी सगळ्या एकमेकांवरून भरून घेतलेल्या.

मामा दुकानात पहिल्यांदा आले ते टाईप केलेला कागद घेऊन. विषय : विनोदी कॅसेटबाबत. खाली क्रमांक घालून मुद्दे. चौथ्या मिनिटास चुलीचा भाग, येथे हशा. सातव्या मिनिटास पुनरुक्ती. शेवटचा मुद्दा मला अजून पाठ आहे : "आजी खड्ड्यात पडते तो भाग वगळावा. ती पडल्यावर जे हसतात ते आपले श्रोते नव्हेत." कागदाला टाचणीने पाच रुपयांची नोट लावलेली. मी म्हणालो, मामा, तुम्ही तर कॅसेट घेतली नाही, सलूनवाल्याची आणून ऐकली. ते म्हणाले, "ऐकली ना? मी एका पानाचे पाच घेतो. तुमचं पानभर तरी चांगलं होतं."

तेव्हापासून दर महिन्याला कागद आणि पाच रुपये. नंदूला या माणसाचा राग यायचा. "हसायचं सोडून हिशोब घालतंय," म्हणायचा. मला मात्र त्या कागदाची सवय लागली. लिहिताना मी सलूनमधल्या लोकांचा विचार करायचो नाही, मामांच्या कागदावर 'येथे हशा' कुठे पडेल त्याचा करायचो. आणि ते बरोबर असायचं. ज्या जागी मामा हशा लिहायचे त्या जागी रसवंतीवर माणसं खरोखर हसायची. स्वतः न हसणाऱ्या माणसाला हे कळतं कसं, हे मला कोडं होतं.

ते कोडं त्यांच्या घरी गेल्यावर सुटलं. त्यांचा टेप बिघडला होता, दुरुस्त करून मी तो मिशनच्या आवारात पोचवायला गेलो. आतल्या खोलीत कॉटवर बाई होत्या. त्यांच्या पत्नी. मिशनच्या शाळेत मी तिसरीला असताना बाई आम्हाला शिकवायला होत्या. नाताळच्या नाटकात मला त्यांनी गाढव केलं होतं आणि तालमीत सगळ्यात मोठ्याने त्याच हसायच्या. अर्धांगाचा झटका येऊन दोन वर्षं झाली होती. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. त्यांनी मला ओळखलं की नाही कळलं नाही.

मामांनी टेप लावला, स्टूल ओढलं, चष्मा काढला आणि कॅसेटऐवजी बाईंच्या चेहऱ्याकडे बघत बसले. नंदूचा आवाज सुरू झाला. एका जागी बाईंचा चेहरा अर्ध्या बाजूने हलला, डोळे मिटले, खांदा थरथरला. मामांनी मांडीवरच्या कागदावर मिनिट लिहिलं. मग मला सगळं समजलं. तो हशा बाईंचा होता.

निघताना ते दारापर्यंत आले. म्हणाले, डॉक्टर पैसे घेतात, औषधवाले घेतात, मालिश करायला येणारी बाई घेते. यांच्यापैकी कुणामुळे त्यांचा चेहरा हलला नाही. तुमच्यामुळे हलतो, तर ते फुकट का घ्यायचं? बोलताना आवाज नेहमीसारखाच, अर्ज वाचल्यासारखा. हे कुणाला सांगू नका, असं ते म्हणाले नाहीत. ते सांगायची गरज असते, हे त्यांना सुचलं नसावं.

वर्षभरात आमची दमछाक झाली. कोऱ्या कॅसेटी, माझा वेळ, नंदूचे डेअरीतले खाडे. शिक्रापूरचा एक प्लॉटवाला पैसे लावायला तयार झाला. दर कॅसेटला सुरुवातीला त्याच्या प्लॉटचं कौतुक करायचं आणि मधेमधे त्याचं नाव घ्यायचं. नंदू आनंदाने उडालाच. मी मामांना विचारलं. ते म्हणाले, "मग श्रोता तो एकटा. बाकीचे फक्त हजर." त्यांचं म्हणणं, ऐकणाऱ्यांकडेच मागा. मी म्हणालो, लोक देतील? त्यावर त्यांनी विचार केला आणि सांगितलं, की बहुधा देणार नाहीत. पण मागितलं याची नोंद राहते.

मी प्लॉटवाल्याला नाही म्हणून कळवलं. पुढच्या कॅसेटच्या शेवटी नंदूच्या तोंडी तीन वाक्यं घातली : "मंडळी, कोऱ्या कॅसेटी झाडाला लागत न्हाईत. आवडलं आसल तर दुकानात पाच रुपये टाका. न्हाई आवडलं तरी टाका, म्हंजी आमी बंद करू." दुकानात एक डबा ठेवला.

त्या तीन वाक्यांनी गावाचा चेहरा पालटला. सलूनवाला, जो आमच्या कॅसेटी लावून गिऱ्हाईक धरून ठेवायचा, त्याने विचारलं की हसायचे कसले पैसे. जीपवाल्यांनी तेवढाच भाग पुसून वर गाणं भरलं. काही म्हणाले, पैशाची हाव सुटल्यापासून मजा गेली. खरं तर ती मागणी शेवटच्या मिनिटाला होती आणि आधीचं सगळं पूर्वीसारखंच होतं. मला भेटून आम्हाला जन्मभर विसरणार नाही म्हणणारे लोक दुकानावरून मान फिरवून जाऊ लागले. डब्यात महिन्याअखेर मामांची नोट आणि एक शर्टाचं बटण निघालं.

मामा मात्र जागोजागी आमची बाजू मांडत फिरले. रसवंतीवर उभं राहून त्यांनी लोकांना सांगितलं, की रसाला पैसे देता, रस पिताना जे ऐकता त्याला का नाही? लोकांना ते भलतंच मजेशीर वाटलं. पाच रुपयांचा प्रचार करणारा, कधी न हसणारा म्हातारा. पोरं त्यांच्या मागे नक्कल करू लागली. ते नंदूने पाहिलं.

त्याच संध्याकाळी तो दुकानात आला. "आता ह्यालाच घेऊ," म्हणाला. "ह्याच्यापायी प्लॉटवाला गेला. लोकं आधीच हसत्यात त्याला, आपुन फकस्त टेपमधी घालायचं." मी नाही म्हणालो. मग त्याने मामांचा आवाज काढला. हुबेहूब. आणि मी हसलो.

त्या कॅसेटमध्ये अर्जमामा नावाचा माणूस होता. बायकोला 'मंडळी' म्हणणारा आणि तिला भाजीत मीठ कमी असल्याबाबत अर्ज करणारा, देवाकडे प्रतिज्ञापत्र मागणारा, प्रत्येक हसण्याला पाच रुपये लावणारा. मी एका बैठकीत लिहून काढलं. इतकं सहज मी कधीच लिहिलं नव्हतं. कारण मला त्या माणसाचं सगळं माहीत होतं. शेवटाकडे एक वाक्य आलं. अर्जमामा म्हणतो : "मी भाषण आधी घरी मंडळींना ऐकवतो. बाहेरचे लोक उठून जातात. मंडळींना उठता येत नाही."

लिहून झाल्यावर मी ते वाक्य पुन्हा वाचलं. खोडायला पेन टेकवलं होतं. पण ते वर्षभरातलं सगळ्यात चांगलं वाक्य होतं, आणि ते मला कळत होतं.

ती कॅसेट पेटली. आमच्याकडे पाठ फिरवलेले सगळे परत आले. जीपवाले, सलूनवाला, ट्रकवाला. पैसे कुणी दिले नाहीत, पण पाठीवर थापा एवढ्या दिल्या की नंदूला वाटलं आपण जिंकलो. कोर्टाच्या ओळीत पक्षकार मामांसमोर बसून म्हणू लागले, "मामा, मंडळींना ऐकवून या आधी." त्यातल्या निम्म्यांना बाईंच्या आजारपणाचं माहीत नव्हतं. उरलेल्यांना माहीत होतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी मामा दुकानात आले. गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत बाजूला उभे राहिले. मग काउंटरवर पाच रुपये ठेवले. कागद नव्हता.

"बाईंनी ऐकली," ते म्हणाले. "मी आधी ऐकली नव्हती. नेहमीसारखी लावली."

मी नोट उचलली नाही.

"आवाज ऐकून त्यांना फार आनंद झाला. मीच आहे हे त्यांनी ओळखलं. आजारपणानंतर पहिल्यांदा घशातून आवाज काढून हसल्या. मी मिनिट लिहायचं विसरलो." त्यांनी नोट माझ्याकडे सरकवली. "मग ते वाक्य आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दुकानदार, मी सगळं आधी त्यांना ऐकवतो ही गोष्ट आमच्या घराबाहेर माझ्याशिवाय कुणाला माहीत असणार? त्यांना वाटतंय, मी लोकांत बसून त्यांच्याबद्दल असं बोलतो. त्यांच्या लेखी ते माझंच वाक्य आहे."

"मामा, ते—"

"मी त्यांना रोज सांगतो की ते माझं नाही. त्या ऐकतात. पटतं का ते मला समजत नाही. त्यांना विचारण्याची सोय नाही." मग त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला त्यांचं ते बघणं आजही नको वाटतं. त्यात राग नव्हता, विनंती होती. "तुम्ही एकदा घरी या. तुम्ही लिहिलं एवढंच त्यांना सांगा. तुम्ही त्यांच्या वर्गात होता. तुमचं त्या ऐकतील."

मी म्हणालो, उद्या येतो.

दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक फार होतं. पुढच्या रविवारी मोटरसायकल काढून मिशनच्या फाटकापर्यंत गेलो. त्यांचं दार उघडं दिसत होतं. आत जाऊन बाईंच्या कॉटपाशी उभं राहायचं आणि त्या चेहऱ्याला सांगायचं, की बाई, तुमच्यावर मी विनोद केला. मला शब्द जमेनात. शब्द जमवण्याचं काम करणाऱ्या माणसाला. मी गाडी वळवली. नंतर कोर्टासमोरून जाणं टाळायला मी लांबचा रस्ता धरला. मामा पुन्हा मला बोलवायला आले नाहीत. दोनेक महिन्यांनी कुणीतरी सांगितलं, की टायपिंगमामा बाईंना घेऊन दौंडला मुलीकडे गेले. जावई रेल्वेत होता. मला हायसं वाटलं, हेही लिहून टाकतो.

पुढचं थोडक्यात. अर्जमामाने नंदूचं भलं केलं. त्याला पुण्याहून बोलावणी आली, मग वर्धापनदिन, वाढदिवस, पतसंस्थांचे मेळावे. पैसे देणारे ते. ऐकणाऱ्यांना आत सोडायचं फुकट. प्रत्येक कार्यक्रमात आयोजकांची नावं चार वेळा घ्यायची. माझं दुकान सीडीने आधी अर्धं केलं आणि मग मोबाइलने संपवलं. नंदूने मला टाकलं नाही. साउंडवाला म्हणून बरोबर घेतलं. स्टेजच्या बाजूला मिक्सर घेऊन मी बसायचो आणि माझी वाक्यं त्याच्या तोंडून ऐकायचो. नवीन काही मी लिहिलं नाही. कुणी मागितलंही नाही.

सात-आठ वर्षांनी दौंडला एका पतसंस्थेचा कार्यक्रम लागला. सकाळीच मैदानावर जाऊन मी स्पीकर उभे केले, तारा ओढल्या. दुपार मोकळी होती. पाय कोर्टाकडे वळले. तिथे सगळे काँप्युटर घेऊन बसलेले, आणि एका कडेला मामा, जुन्या मशीनवर. सत्तरी पार झालेली. शर्ट तोच पांढरा. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"दुकानदार," म्हणाले. "बसा."

मी बसलो. बाईंचं विचारायचं धाडस झालं नाही, तर त्यांनीच सांगितलं. दौंडला आल्यावर दीड वर्षाने बाई गेल्या. शेवटचे दिवस त्रास झाला नाही.

"मामा, ते वाक्य माझं होतं," मी म्हणालो.

"ते मला माहीतच होतं. सांगायचं होतं ते त्यांना, मला नव्हे." त्यांनी मशीनमधला कागद सरळ केला. "मी शेवटपर्यंत सांगत राहिलो त्यांना. त्या काय समजून गेल्या ते मला कधी कळणार नाही."

आवाज चढलेला नव्हता. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घेतल्या असत्या. पण समोर कुणीतरी अर्ज घेऊन उभं राहिलं आणि ते त्याच्याकडे वळले. मी उठलो तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, की संध्याकाळचा कार्यक्रम तुमचाच का? रिक्षा ओरडत फिरत होती म्हणे. मी हो म्हणालो. त्यांच्या मुलीचं क्वार्टर मैदानाच्या मागच्या बाजूलाच होतं. "मी संध्याकाळी घरीच असतो," ते म्हणाले.

मैदानावर परत येऊन मी नंदूला गाठलं. मामा भेटल्याचं सांगितलं, बाई गेल्याचं सांगितलं, आजच्या दिवस अर्जमामा नको म्हणालो. त्याने पान खाता खाता ऐकून घेतलं. वाईट वाटलं त्याला, खोटं नाही सांगत. मग म्हणाला, "लोकं त्याच्यासाठीच येत्यात रं. पतसंस्थेच्या चेअरमननं फोनवर तेच मागितलंय."

स्पीकरच्या दोन जोड्या होत्या. त्यातली डावी जोडी मी सकाळी नकळत रेल्वे क्वार्टरकडे तोंड करून लावली होती. ती वळवायला दहा मिनिटं लागली असती. पण वळवली असती तर डावीकडच्या खुर्च्यांना ऐकू कमी गेलं असतं, नंदूने का म्हणून विचारलं असतं, आणि मला सगळं पुन्हा सांगावं लागलं असतं. मी मिक्सरपाशी बसून राहिलो.

सात वाजता कार्यक्रम सुरू झाला. मैदान भरलं होतं. आठच्या सुमाराला अर्जमामा आला. लोकांनी नुसतं पहिलं वाक्य ऐकून टाळ्या वाजवल्या. बोट आवाजाच्या बटणावर ठेवून मी ते वाक्य जवळ येताना ऐकत होतो. नंदूने नेहमीप्रमाणे त्याच्या आधी थोडी जागा सोडली. मी आवाज कमी केला नाही. मैदानभर हशा झाला आणि माझा साउंड चांगला असल्यामुळे ते वाक्य क्वार्टर ओलांडून रुळांपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं.